सीलबंद झिंगे, नग तीन

झिंग्यांना सरकारी सील लावू नये, असं कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही. मी सगळ्या फायली उलथ्यापालथ्या करून पाहिल्या आहेत. तरीही सत्त्याण्णव साली माझ्याकडून जो लेखी खुलासा घेण्यात आला तो अजून कचेरीत टाचून ठेवलेला आहे, आणि माझ्या जागी आलेला प्रत्येक माणूस तो एकदा तरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, असं कानावर येतं. येऊ दे. शास्त्रासाठी माणसानं थोडं सोसायचं असतं.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत नाझर होतो. नाझर म्हणजे कचेरीतल्या खुर्च्या, किल्ल्या, लाख आणि पितळी सील ज्याच्या ताब्यात असतं तो. लोक 'भाऊसाहेब' म्हणायचे. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण मतपेटीला सील लावावं तर मीच. दोऱ्याची गाठ, तिच्यावर लाखेचा थेंब, थेंब निवायच्या आत सील दाबायचं आणि सरळ उचलायचं. एकदा मतमोजणीच्या वेळी माझं सील तोडताना दोन माणसांची बोटं सोलली होती. माझ्या नोकरीत अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट होती.

आता आईचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यामुळं झालं. वडील गेल्यावर आई घोडेगावजवळच्या आमच्या गावात एकटीच राहायची. दोन खोल्या, एक शेळी आणि गावभर बोलणं. त्या जानेवारीत ती चक्कर येऊन ओट्यावरून पडली, तेव्हा मी शेळी चुलतभाऊ बन्सीच्या दावणीला बांधली आणि आईला घेऊन आलो. आली खरी, पण तिनं कापडी पिशवी काही सोडली नाही. दोन लुगडी, चष्मा आणि सुपारीचा डबा भरलेली ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असायची. रोज सकाळी आई पंचशील म्हणायची, चहा प्यायची आणि विचारायची, "घोडेगावला यष्टी किती वाजता हाय रं?"

"आई, इथं काय कमी आहे?" माझी बायको प्रज्ञा विचारायची.

"कमी कायबी न्हाई बाई. दार लावून बसायचं. समोरचाबी दार लावून बसतोय. बरनीत घातल्यावानी झालंय. आसं कोंडलं तर मानूस जगतंय का?"

नेमक्या त्याच आठवड्यात रविवारच्या पुरवणीत तो लेख आला. परदेशात म्हणे काचेचा गोळा मिळतो. आत पाणी, वाळू, शेवाळ आणि झिंगे. गोळा कायमचा बंद. खायला घालायचं नाही, पाणी बदलायचं नाही. उजेडात ठेवायचा, बास. शेवाळ झिंग्यांना हवा देतं, झिंगे शेवाळ खातात, त्यांची घाण शेवाळाला पोसते. वर्षानुवर्षं सुखात चालतं! मी तो लेख आईला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा जरा जोर देऊन.

"बघ. बंद बरणीत जीव जगतो. उलट मजेत जगतो."

"कागूद कायबी म्हनल. दाव जगवून."

"दाखवतो. जगले तर?"

आईनं सुपारी कातरली. "पाटाला आवर्तन सुटंल तवर तीनच्या तीन जगले तर मी हितंच ऱ्हाते. पुना यष्टीचं नाव न्हाई काढनार. पर येक जरी म्येलं, तर ती पिशवी आन मी. मंग आडवायचं न्हाई."

मी कबूल झालो. आवर्तन म्हणजे कालव्याला सोडायचं पाणी. पुढचं महिन्याभरात होतं. एक महिना तीन झिंगे जगवायचे, बदल्यात आई कायमची. आई गावात पुन्हा एकटी पडली आणि तेव्हा उचलायला कोणी नसलं तर, या विचारानं मला दिवसा घाम फुटायचा. त्यामुळं मला तो सौदा फार स्वस्त वाटला.

झिंगे पकडायला मी लुनावरून पाटावर गेलो. मागं आई, तिच्या मांडीवर बरणी, माझ्या खिशात प्रज्ञाची चहाची गाळणी. पाट नुकताच आटला होता, ठिकठिकाणी डबकी उरली होती. मी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून डबक्यात उतरलो. अर्ध्या तासात मला एक बेडूक, भरपूर चिखल आणि एक तुटकी चप्पल मिळाली, आणि ती चप्पल माझीच होती. वरून पाटकरी सायकलवरून चालला होता. त्यानं थांबून विचारलं, "भाऊसाहेब, पंचनामा हाय का काय?"

मी उत्तर देईपर्यंत आईनं पदर खोचला, डबक्याच्या कडेला बसली, पदराचं टोक पाण्यात आडवं धरलं आणि दुसऱ्या हातानं गवत हलवलं. पदर उचलला तर आत आठ-दहा झिंगे टणाटण उड्या मारत होते. तिनं तीन निवडले आणि बाकीचे सोडून दिले.

"परवरा नदीच्या काठाला म्हायेर हाय माजं," ती म्हणाली. "आमी पोरी लुगडंच धरायचो आडवं. तुला गाळनीत घावत्यात व्हय?"

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

घरी वाळू, पाणी, शेवाळ, दोन बारक्या गोगलगाई आणि तीन झिंगे अशी बरणी तयार झाली. किराणा दुकानात गोळ्या ठेवतात तसली काचेची बरणी. मी झाकण घट्ट लावलं. आई म्हणाली, "आसं न्हाई."

"मग कसं?"

"तू बदलशील. येखादं म्येलं की मागल्या दारानं दुसरं आनून टाकशील. ल्हानपनी कोंबडीचं पिल्लू म्येलं तवा बन्सीचं आनून ठिवलं हुतंस. आपलं तांबडं हुतं. त्वा पांढरं आनलंस."

मी सात वर्षांचा होतो हो तेव्हा! पण आईच्या दप्तरात कुठलीच नोंद जुनी होत नाही. सही करू म्हटलं, कागद चिकटवू म्हटलं. तिला काही पटेना. शेवटी माझा स्वाभिमान दुखावला. शनिवारी कचेरी सुटताना मी लाखेची कांडी आणि पितळी सील पिशवीत घातलं. झाकणावरून दोरा फिरवला, गाठ मारली, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि असं सील मारलं की तसं मी लोकसभेलाही मारलं नव्हतं.

"अहो, हे कचेरीचं आहे ना?" प्रज्ञा म्हणाली.

"शास्त्रासाठी आहे," मी म्हणालो. सोमवारी सील जागेवर ठेवलं आणि विषय विसरून गेलो.

बरणी गॅलरीच्या कठड्यावर बसली आणि आमचं घर प्रेक्षणीय स्थळ झालं. पहिले आले समोरचे आप्पासाहेब. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रयोगशाळा ते चालवत होते. इतरांच्या म्हणण्याप्रमाणे ते तिथल्या बाटल्या धूत होते. त्यांनी बरणी तीन बाजूंनी पाहिली. बरणी पूर्वेकडं तोंड करून ठेवा, म्हणाले. बरणीला तोंड कुठलं, हे मी विचारलं नाही. मग चिमूटभर साखर घाला म्हणाले. सीलबंद आहे म्हटल्यावर, बाहेरून काचेला तरी लावा, वास जातो. त्यांच्या बायकोनं रेडिओ हळू लावायचा सल्ला दिला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हे सगळं तळून किती छान लागतं ते सविस्तर सांगितलं, आणि आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

आई रोज सकाळी मोजायची. "येक... दोन..." आणि थांबायची. त्या थांबण्यात मी अर्धी दाढी तशीच सोडून बरणीपाशी यायचो. मग शेवाळामागून तिसरा निघायचा. "तीन," ती म्हणायची, जरा नाराजीनं. बघायला आलेल्या बायकांना तीच सगळं समजावून सांगायची. हा मोठा खादाड हाय, ही ल्हानी लाजाळू हाय. बायका चहा घ्यायच्या, सुपारी खायच्या, स्वतःच्या सुनांचं सांगायच्या. यष्टीची वेळ विचारणं मात्र तिनं सोडलं नव्हतं. तिकडं आवर्तन दोनदा पुढं ढकललं गेलं, आणि मी पाटबंधारेवाल्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या कधीच दिल्या नव्हत्या.

आणि मग कचेरीत एक निनावी अर्ज आला.

'आपल्या कचेरीतील नाझर यांचे राहते घरी शासकीय सील असलेली व हिरवट द्रवाने भरलेली काचेची बरणी उघडपणे ठेवलेली असून सदर द्रव हा जप्त केलेल्या हातभट्टीच्या दारूचा मुद्देमाल असावा. चौकशी होणेस विनंती. आपला, एक जागरूक नागरिक.' अर्ज कारखान्याच्या कॅलेंडरच्या फेब्रुवारी महिन्याच्या पाठीमागं लिहिलेला होता. त्या संध्याकाळी मी आप्पासाहेबांकडं सहज डोकावलो. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात जानेवारीनंतर एकदम मार्च होता. मला बघून ते म्हणाले, "भाऊसाहेब, लोक लई वाईट असत्यात. काळजी घ्या."

नायब तहसीलदार साहेब शांत माणूस. ते कधी ओरडत नसत. ते लिहून घेत. त्यांनी शिपाई कानिफनाथला पाठवून बरणी आणवली आणि मला समोर उभं केलं.

"हे सील ओळखता?"

"हो साहेब. माझंच आहे."

"आत काय आहे?"

"झिंगे."

"सुके?"

"जिवंत, साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला. "शासनाचं सील आहे म्हणजे बरणी शासनाच्या ताब्यात आहे. बरणी शासनाच्या ताब्यात म्हणजे आतलंही शासनाच्या ताब्यात. आता पंचनाम्याशिवाय हे उघडता यायचं नाही. नोंद घ्या आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवा. तुमचा खुलासा तीन दिवसांत."

नोंद मीच घेतली, कारण ते रजिस्टरही नाझराकडंच असतं. 'बरणी एक, काचेची, सीलबंद. आत झिंगे नग तीन, जिवंत. गोगलगाई नग दोन. शेवाळ अंदाजे.' कानिफनाथनं बरणी खोलीत नेऊन ठेवली आणि कुलूप लावलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या खोलीत प्रकाशच पडत नाही. खिडकी नाही! उजेड नाही म्हणजे शेवाळ मेलं, शेवाळ मेलं म्हणजे झिंगे मेले, झिंगे मेले म्हणजे आई निघाली.

मी त्याच पावली जागेवर येऊन अर्ज लिहिला. 'विषय: शासकीय मुद्देमालास सूर्यप्रकाश मिळणेबाबत.' साहेबांनी तो दोनदा वाचला.

"नियम दाखवा."

"साहेब, कोंडवाड्यातल्या जनावरांना चारापाणी द्यावंच लागतं. यांचा चारा शेवाळ आहे, आणि शेवाळाचा चारा ऊन."

साहेबांनी शेरा मारला: 'सकाळी दहा ते पाच खिडकीत ठेवणेस हरकत नाही.' त्या दिवसापासून कानिफनाथ रोज दहाला झिंग्यांना उन्हात आणायचा आणि पाचला परत कुलपात ठेवायचा. "भाऊसाहेब," तो म्हणायचा, "ह्ये येकटेच कचेरीत टायमावर येत्यात."

आई ऐकेना. न बघता मोजलेलं तिला चालत नव्हतं. मग रोज दुपारी माझा डबा घेऊन ती स्वतः कचेरीत यायची, खिडकीपाशी उभी राहून मोजायची आणि बाहेरच्या बाकावर अर्जदारांच्यात बसायची. आठ दिवसांत तिला निम्म्या तालुक्याची घरची माहिती झाली. खर्ड्याकडून इथं नांदायला आलेली एक म्हातारी तर उताऱ्यासाठी यायची आणि उतारा न घेता आईशी बोलून परत जायची. साहेबसुद्धा जाता-येता "जयभीम, मावशी" म्हणू लागले.

शेवटी आवर्तनाची तारीख ठरली. गुरुवारी संध्याकाळी पाणी सुटणार होतं. अर्ज निकाली काढायचा म्हणून साहेबांनी पंचनाम्यालाही गुरुवारच धरला. म्हणजे एकाच दिवशी माझ्या नोकरीवरचा डाग पुसला जाणार होता आणि आईही राहणार होती. मी नवा शर्ट घातला.

दुपारी कानिफनाथ तोंड पाडून आला. "भाऊसाहेब, येक गेलं."

मी धावलो. बरणीच्या तळाशी, वाळूवर, एक झिंगा आडवा पडला होता. पांढराफटक, पाय वर. बाकीचे दोन जण शेवाळाभोवती फिरत होते, जसं काही झालंच नाही. आई डबा घेऊन माझ्या मागं उभी होती. तिनं वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. एक शब्द बोलली नाही. डबा माझ्या हातात दिला आणि जाऊन बाकावर बसली. मला रडू आलं, आणि भरल्या कचेरीत नाझराला रडता येत नाही, म्हणून मी लाखेच्या कांड्या मोजत बसलो.

तीन वाजता साहेबांनी पंच बोलावले. पंच म्हणून बाहेरच्या बाकावर जो बसला असेल त्याला उठवून आणायची आमच्याकडं रीत आहे. बाकावर दोघं होते. एक, 'सहज आलो होतो' म्हणणारे आप्पासाहेब. दुसरी आई.

साहेबांनी भिंगातून सील पाहिलं. "सील अभंग," ते म्हणाले. माझी मान किंचित वर गेली. मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं मोजायला सुरुवात केली. "मृत एक. जिवंत... एक, दोन..." आणि ते थांबले. शेवाळ हललं. त्यातून तिसरा झिंगा बाहेर आला, मिशा हलवत, अगदी ताजातवाना.

"तीन," साहेब म्हणाले. "आणि मृत एक. एकूण चार."



"नोंद तीनची आहे," साहेब म्हणाले. "भाऊसाहेब, माझी वीस वर्षं नोकरी झाली. सीलबंद मालात घट येते, ती मी समजू शकतो. उंदीर असतात, वाळवी असते. वाढ कशी येते?"

"व्याली आसंल, साहेब," आप्पासाहेब म्हणाले.

"आईएवढंच पिल्लू? आणि तेही मेलेलं?" साहेब माझ्याकडं वळले. "सील तुमच्याकडं. लाख तुमच्याकडं. खोलीची किल्ली तुमच्याकडं. तुम्ही बरणी उघडून नवा झिंगा टाकला आणि परत सील केलं, असं मी लिहिलं तर तुमचं काय म्हणणं आहे?"

ज्या सीलवर आयुष्यभर मान ताठ ठेवली, त्यावरच घाला. मी आईकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला ते पांढरं पिल्लू स्पष्ट दिसलं. शपथ घ्यावी तरी कुणाच्या नावानं? मी नुसता म्हणालो, "आई, मी नाही बदलला."

आई उठली. पदर सावरून टेबलाजवळ आली.

"म्येलं न्हाई ते, साहेब," ती म्हणाली. "कात हाय ती."

"काय?"

"कात. झिंगा कात टाकतोय. सापावानी. जुनं कवच पाठीवर उकलतं आन आतून नवा निघतो. नवं कवच कवळं असतंय, म्हनून थोडा येळ दडून बसतो. आमच्या परवरंला ढिगानं घावायच्या. उजेडाला धरा, आत कायबी न्हाई."

साहेबांनी बरणी उजेडाला धरली. आडवा पडलेला झिंगा आरपार दिसत होता. मिशा होत्या, पाय होते, आत झिंगा नव्हता.

"तीनच हायत," आई म्हणाली. "तीन हुते, तीन हायत. माज्या पोरानं कायबी केलेलं न्हाई. लिवा."

साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'झिंगे नग तीन, जिवंत. कात नग एक.' मग सील तोडलं, वास घेतला आणि दारू नसल्याची खात्री करून दोन मिनिटं खोकत राहिले. आप्पासाहेबांनी झरझर सही केली. कानिफनाथनं आईपुढं शाईचा पॅड सरकवला. आईनं तो बाजूला सारला. साक्षरतेच्या वर्गात ती नाव लिहायला शिकली होती. 'भागिरथी' हे नाव लिहायला तिला चार मिनिटं लागली आणि तेवढा वेळ साहेब, कानिफनाथ आणि मी श्वास धरून उभे होतो. वेलांटीपाशी ती जरा अडखळली, पण निभावलं.

घरी जाताना आम्ही पाटावर थांबलो. पाणी आलेलं होतं, गढूळ, काडीकचरा घेऊन. आईनं बरणी आडवी केली आणि तिघांना सोडून दिलं. मी विचारलं, "आई, तुला दुपारीच कळलं होतं ना?"

"बघताक्षनीच."

"मग गप्प का बसलीस?"

"इचार करत हुते."

"कसला? एक मेलं असं सगळ्यांनी धरलंच होतं. गप्प राहिली असतीस तर संध्याकाळच्या यष्टीनं घरी जायला मिळालं असतं."

आईनं रिकामी बरणी पाण्यात विसळली. "सही करायची हुती ना," ती म्हणाली. "सरकारी कागदावर खोटं कसं लिवायचं?"

मी ते खरं मानलं. लुना चालू करताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण ते धुळीमुळं असेल.

घरी आल्यावर आईनं पहिली गोष्ट केली म्हणजे दार सताड उघडलं. "ह्ये आता दिसभर उघडं ऱ्हाईल," तिनं जाहीर केलं. तेव्हापासून ते उघडंच आहे, आणि समोरचे आप्पासाहेब दिवसातून चारदा सल्ला घेऊन आत येतात. मग तिनं खुंटीवरची पिशवी काढली. दोन्ही लुगडी प्रज्ञाच्या कपाटात ठेवली, चष्मा खिडकीत ठेवला, सुपारीचा डबा उशाला. पिशवी झटकली आणि माझ्या हातात दिली.

"बसलायस काय," ती म्हणाली. "बाजारात जा आन मेथीची जुडी आन. बघून घे, कवळी."